वेम्ब्लीला एक रविवार

माझं माहेर कोल्हापूरचं, शाहू स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा फुटबॉल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, असं अगदी ठसक्यात लिहायला मी बसले होते. पण खरं सांगू का मैत्रिणींनो? मी फुटबॉल फक्त कानांनी पाहिलेला! संध्याकाळच्या चहाचं आधण ठेवावं आणि बाहेर एकदम 'हो ऽऽ' असा आवाज उठावा. आई मान वर न करता म्हणायची, "झाला वाटतं गोल." मग दिवेलागणीला दोघे भाऊ घसा बसवून घरी यायचे, आणि पाटाकडील भारी की शिवाजी भारी यावरून त्यांची नि काकांची भर पानावर जुंपायची. आम्ही वाढायचो. लग्न होईपर्यंत त्या स्टेडियमच्या आत मी एकदाही पाऊल टाकलं नाही. कुणी अडवलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. जावं असं कधी मनातच आलं नाही.

अशा मी आयुष्यातली पहिली मॅच पाहिली ती एकदम लंडनला, वेम्ब्लीच्या मैदानावर! आणि तीही बायकांच्या चषकाची फायनल. तारीख १४ मे २०२३, वार रविवार.

त्याचं असं झालं. माझी धाकटी बहीण लंडनच्या कडेला हॅरो म्हणून उपनगर आहे तिथं राहते. तिचं दुसरं बाळंतपण. आईचे गुडघे आता विमानात बसण्याजोगे राहिलेले नाहीत. मी इथं कराडला एका शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मे महिना मोकळा. म्हणून आळीव, बाळंतशेपा आणि सुंठ बांधून माझी रवानगी झाली. बहिणीनं महिने आधीच आपली आणि थोरल्या मुलीची, अशी दोन तिकिटं काढून ठेवलेली. तोवर बाळ चांगलं महिन्याचं होईल असा तिचा हिशेब. बाळानं तो चुकवला. पंधरा दिवसांची बाळंतीण मैदानावर कशी जाणार? "ताई, तूच जा हिच्याबरोबर," ती म्हणाली. मला आपलं वाटत होतं, दोघी घरी बसू, दुधी हलवा करू. पण भाचीनं तोंड एवढंसं केलं, आणि मी निघाले.

भाची दहा वर्षांची. तिथल्या मुलींच्या क्लबात फुटबॉल खेळते. त्या क्लबातल्या बारा मुली, चार-पाच आया आणि एक आजी असं आमचं मंडळ होतं. साडीवर स्वेटर आणि पायांत बहिणीचे कॅनव्हासचे बूट असा माझा अवतार. मी नेहमीप्रमाणे दशम्या, चटणी आणि पाण्याची बाटली घालून मोठी पिशवी भरली, तर भाची म्हणते, "मावशी, वहीच्या पानापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत." टाइपाच्या कागदाचं जे माप असतं तेवढीच पिशवी चालते म्हणे! तेव्हा दशम्या आम्ही बाहेरच फस्त केल्या. त्या मुलींना चटणी तिखट लागली, पण एकीनंही पान टाकलं नाही.

हॅरोहून मेट्रोपोलिटन लाइनच्या गाडीनं तिसरं स्टेशन वेम्ब्ली पार्क. स्टेशनाबाहेर आल्याबरोबर उंचावरून समोर सरळसोट रस्ता दिसतो आणि त्याच्या टोकाला ते मैदान. त्यावर पांढरी कमान. फुलांच्या परडीला कडी असावी ना, तशी! जमिनीपासून १३३ मीटर उंच, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ३१५ मीटर. ती नुसती शोभेची नाही, छपराचा बराचसा भार तिनंच पेललेला आहे. रस्ता माणसांनी फुलला होता. निळे कपडे चेल्सीवाल्यांचे, लाल मँचेस्टर युनायटेडवाल्यांचे. बायकांची मॅच म्हणजे बायकाच असतील अशी माझी समजूत होती, पण पुरुष कितीतरी! एकानं तर खांद्यावर तीन वर्षांची मुलगी घेतलेली, तिच्या दोन्ही गालांवर निळा रंग आणि हातात अर्धं खाल्लेलं केळं. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल तेवढा नव्हता, बाकी सगळं तसंच.

या जागेची गोष्ट सांगायलाच हवी. जुनं वेम्ब्ली १९२३ साली बांधून झालं. पुढच्या वर्षी तिथं ब्रिटिश साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं, त्यासाठी. (त्यात हिंदुस्थानचाही एक मंडप होता.) २८ एप्रिल १९२३ ला तिथं पहिली फायनल झाली, बोल्टन आणि वेस्ट हॅम या दोन संघांची. तिकिटं आधी काढायची सक्ती नव्हती. मोजलेली माणसं १,२६,०४७, आणि भिंतींवरून चढून आत आली ती वेगळी. सगळे मिळून दोन लाखांच्या वर होते असं म्हणतात. गर्दी थेट मैदानात उतरली, चेंडू ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा जॉर्ज स्कोरी नावाच्या पोलिसानं आपल्या 'बिली' नावाच्या पांढऱ्या घोड्यावर बसून माणसं हळूहळू मागं सारली. पाऊण तास उशिरा खेळ सुरू झाला आणि बोल्टननं २-० असा जिंकला. गोल कुणी केले हे कुणाच्या ध्यानात नाही, घोडा मात्र सगळ्यांच्या ध्यानात! आज तिथल्या पादचाऱ्यांच्या पुलालाही त्या पांढऱ्या घोड्याचंच नाव आहे.

ते जुनं मैदान, त्याचे ते दोन मनोरे, सगळं नंतर पाडलं. आता आहे ते २००७ साली उघडलं. खुर्च्या ९०,०००. आणि एक आकडा आमच्या मंडळातल्या एका आईनं मला मोठ्या अभिमानानं सांगितला, तो तुम्हालाही सांगते. सगळ्या मैदानात मिळून संडास आहेत २,६१८! पुरुषांना या आकड्याचं काय वाटेल कोण जाणे. प्रवासाला निघायचं म्हटलं की दोन तास आधीपासून पाणी बंद करणाऱ्या आपण. मी मध्यंतरात जाऊन आले, आणि येताना पाण्याची आख्खी बाटली प्यायले.

आमच्या जागा बऱ्याच वर होत्या. खाली हिरवंगार मैदान पसरलेलं, कॅरमबोर्डाएवढं. माझ्या एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला त्या मंडळातली आजी. वय सत्तरीच्या पुढं. पांढरे केस कानाच्या वर कापलेले, मांडीवर लाल मफलर. बाई उत्तर इंग्लंडातल्या, लँकेशरच्या. बी.ए.ला माझा इंग्रजी विषय होता हो, पण त्यांचं इंग्रजी मला उमजेना आणि माझं त्यांना. शेवटी भाची मध्ये पडून इंग्रजीचं इंग्रजी करून सांगायला लागली.

खेळ सुरू होतो न होतो तोच लाल संघाच्या लिआ गॅल्टननं चेंडू जाळ्यात घातला. पहिल्याच मिनिटाला! आजीबाई उठून उभ्या राहिल्या आणि लगेच खाली बसल्या. पंचांनी ऑफसाइड दिला होता. ऑफसाइड म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, तेही सांगून टाकते. चेंडू पाठवला त्या क्षणी पुढची खेळाडू समोरच्या बचावफळीच्या पलीकडं जाऊन उभी असली, तर तिचा गोल धरत नाहीत. पंगतीत 'वदनी कवळ' व्हायच्या आधीच पानावर हात मारावा, तसं. पूर्वार्ध गोलाविनाच संपला.

मध्यंतरात मी आजींना सहज विचारलं, "तुम्ही कधी खेळला होता?" त्यांनी मान डोलावली. साठीच्या दशकात, शाळकरी वयात. कुठं? तर गावच्या बागेत, झाडांच्या दोन खोडांमध्ये. खरं मैदान? "ते आम्हाला बंद होतं." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. भाचीनं पुन्हा इंग्रजीचं इंग्रजी केलं. तेच उत्तर आलं.

ते 'बंद' काय होतं हे मी मग परत येईपर्यंत पुस्तकांतून शोधून वाचलं. भाचीच्या शाळेच्या लायब्ररीतच दोन पुस्तकं निघाली. ऐका.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि बायका कारखान्यांत आल्या. लँकेशरात प्रेस्टन गावी डिक, कर नावाचा ट्राम आणि आगगाडीची इंजिनं करणारा कारखाना होता, तिथं युद्धात दारूगोळा होऊ लागला. तिथल्या मुली चहाच्या सुटीत आवारात पोरांबरोबर फुटबॉल खेळत. १९१७ च्या नाताळात त्यांनी प्रेस्टनच्या मोठ्या मैदानावर जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मॅच खेळली, आणि दहा हजार माणसं आली. तीन वर्षांनी, १९२० च्या नाताळात, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या मुलींची मॅच सेंट हेलन्सच्या मुलींशी झाली. आत ५३,००० माणसं, आणि जागा नाही म्हणून बाहेर राहिलेली आणखी कितीतरी हजार! त्यांची गोल करणारी मुख्य मुलगी फ्लोरी रेडफर्ड हिची गाडी चुकली. मग कॅप्टन ॲलिस केल हीच उत्तरार्धात पुढं येऊन खेळली आणि तिनं तीन गोल मारले. मदतनिधीला तीन हजारांहून जास्त पौंड मिळाले. लिली पार नावाची मुलगी या संघात होती, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. तिच्या डाव्या पायाच्या फटक्याबद्दल लोक अजून बोलतात. नंतर ती वेड्यांच्या इस्पितळात नर्स झाली. १९७८ साली वारली. मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात २०१९ साली तिचा पुतळा बसवला.

सुमारे दीडशे संघ झाले होते बायकांचे तेव्हा. आणि ५ डिसेंबर १९२१ या दिवशी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये. जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो असंही एक कारण पुढं केलं. आणि असोसिएशनच्या सगळ्या क्लबांना सांगितलं की बायकांना आपली मैदानं द्यायची नाहीत. खेळू नका असं नाही हं, फक्त मैदान नाही! घरात सुनेला 'जा की माहेरी' म्हणायचं आणि गाडीभाडं द्यायचं नाही, त्यातलाच प्रकार. पुरुषांचा पांढरा घोडा वेम्ब्लीवर उतरला तो या ठरावानंतर सोळा महिन्यांनी.

ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं चालली. मुली बागांत खेळल्या, रग्बीच्या मैदानांवर खेळल्या, डिक, करच्या मुली तर १९२२ साली अमेरिकेत जाऊन खेळून आल्या. बंदी उठल्यावर बायकांच्या चषकाची पहिली फायनल ९ मे १९७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या क्रीडाकेंद्रावर झाली. साउदॅम्प्टननं स्कॉटलंडच्या स्टुअर्टन थिसलला ४-१ असं हरवलं. वेम्ब्लीवर फायनल यायला मात्र २०१५ साल उजाडलं. घोड्यानंतर ब्याण्णव वर्षांनी! मधे, २००८ साली, असोसिएशननं त्या जुन्या ठरावाबद्दल माफीही मागितली.

पण हे सगळं वाचलं नंतर. त्या दिवशी मध्यंतरात मला एवढंच कळलं होतं की 'बायकांना शोभत नाही' म्हणून मैदान बंद केलं होतं. आणि तो 'शोभत नाही' माझ्या घशात अडकला. कारण तो माझ्या ओळखीचा होता.

माझी थोरली तेव्हा सातवी संपवून आठवीत जायची होती. लहानपणापासून आमच्या बोळातल्या पोरांबरोबर ती फुटबॉल खेळायची. आदल्या दिवाळीत एकदा गुडघा फोडून घेऊन आली, फ्रॉकला चिखल. समोरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. मी तिला घरात घेतलं आणि म्हटलं, "पुरे झालं आता. मोठी झालीस. शोभतं का तुला?" हे काही बोलले नाहीत, सासूबाईही नाहीत. दोघांपैकी कुणी बोललं असतं तर मी त्यांचं नाव तरी सांगितलं असतं. बोलले ती मीच. पोरगी मुकाट्यानं गेली आणि स्टुलावर चढून तिनं बॉल माळ्यावर ठेवला, पितळेच्या पराती असतात त्यांच्या मागं. तिनं तेव्हा आदळआपट केली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

उत्तरार्धात माझं खेळाकडं लक्ष थोडं कमीच होतं. तेवढ्यात भाचीनं माझा दंड घट्ट धरला. अडुसष्टावं मिनिट. पर्निल हार्डर या डेन्मार्कच्या मुलीनं चेंडू आत पाठवला, आणि सॅम करनं तो जाळ्यात ढकलला. आणि मी उभी राहून ओरडत होते, "झाला! झाला गं!" चक्क मराठीत! माझा पदर पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांच्या डोक्यावर. निळे आमचे की लाल, हेही मी ठरवलेलं नव्हतं. आजीबाईंनी मफलर तोंडावर घेतला होता, तेव्हा मला भान आलं.

ही सॅम कर ऑस्ट्रेलियाची, पण तिच्या वडिलांचा जन्म कलकत्त्याचा. तिकडे 'कर' एवढंच आडनाव असतं बरं का. मला आपलं वाटत राहिलं, 'कर' आहे तर पुढचं गाव कुठं गेलं? कोल्हापूरकर, कराडकर, काहीतरी हवं! प्रेस्टनच्या त्या कारखान्याच्या नावातही कर. दोघांचं नातं काही नाही, पण माझ्या डोक्यात ते दोन कर एकमेकांना चिकटले ते चिकटलेच.

१-० असा चेल्सीचा विजय झाला. लागोपाठ तिसऱ्या वर्षी त्यांनी चषक नेला. त्यांच्या प्रशिक्षक एमा हेज मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्याबद्दल मंडळातल्या आया आदरानं बोलत होत्या, आणि तो आदर चषकांपुरता नव्हता. आदल्या ऑक्टोबरात त्यांचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं होतं. एन्डोमेट्रिओसिसचं जुनं दुखणं. त्यांनी ते उघड सांगितलं, रजा घेतली आणि बरं वाटल्यावर कामावर आल्या. आपल्याकडं अजून हे 'बायकांचं' म्हणून दार लोटून बोलतात, आणि ऑपरेशनच्या तिसऱ्या आठवड्यात बाई ओट्याशी उभी. (याच हेजबाईंच्या हाताखाली अमेरिकेच्या मुलींनी २०२४ साली ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलं.)

पडद्यावर आकडा आला, आलेली माणसं ७७,३९०. आधीच्या वर्षीच्या फायनलला ४९,१२४ नव्हे, ४९,०९४ होती. माझ्या हातच्या टिपणात खाडाखोड झाली आहे, पण हा दुसरा आकडा बरोबर. म्हणजे बघा, लिली पारच्या त्या ५३,००० च्या पुढं जायला बायकांच्या फायनलला २०२३ साल लागलं. आणि बक्षीस? त्या वर्षी जिंकणाऱ्या बायकांना एक लाख पौंड, आणि तीन आठवड्यांनी त्याच मैदानावर जिंकलेल्या पुरुषांना वीस लाख. एकास वीस. हिशेब करायला कागदपेन्सिल नको.

निघताना आजीबाईंनी माझा हात हातात घेतला. हरल्याचं दुःख होतंच, पण त्या काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. भाचीनं सांगितलं, "मावशी, त्या म्हणतात, हरायला तरी आलो की इथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी फोन लावला. आपल्याकडं दुपारचे साडेबारा, पोरगी जेवत होती. मी मॅचचं सांगत राहिले, ती हं हं करत राहिली. मग मी विचारलं, "तुझा बॉल कुठाय गं?"

"माळ्यावर. तूच ठेवायला लावलास."

"काढ खाली. हवा गेली असेल, बाबांना भरून आणायला सांग. आणि पायांचं माप दे."

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि परातींचा खणखणाट. सासूबाई विचारत होत्या काय पाडलंस म्हणून.

रात्री ह्यांनी फोनवर फोटो पाठवला. वहीच्या पानावर पाय ठेवून पेन्सिलीनं काढलेला आकार, बाजूला पट्टी. भाचीनं ते माप कागदावर उतरवून कापून घेतलं, आणि आम्ही दोघी बुटांच्या दुकानात गेलो. त्या दुकानदारानं असं गिऱ्हाईक पूर्वी पाहिलं नसावं. खाली खिळ्यांसारखे दाते असलेले काळे बूट घेतले. भाची नको नको म्हणत होती, पण वाढता पाय म्हणून मी एक नंबर मोठेच घेतले. सध्या पुढं कापूस कोंबून चाललंय.